डावीकडे फिरवलेला मॉनिटर

३ मार्च २००३, सोमवार

आमचे डॉक्टर म्हणाले, डोकं दुखतं त्याची नोंद ठेवा. काय खाल्लं, किती झोपलात, पाळी कधी आली, ऊन लागलं का. कोणावर चिडलात हे काही त्यांनी विचारलं नाही. ते मी माझ्या मनानं लिहिणार आहे. डायरी संजयनं ऑफिसातून फुकट मिळालेली आणून दिली. वर कुठल्याशा पतपेढीचं नाव आहे.

तर नोंद. पोळी-भाजी. झोप बरी. पाळी नाही. ऊन नाही, एसीत बसते. डोकं अकराच्या सुमाराला सुरू. आधी डावीकडे मानेच्या खळगीत कोणीतरी खुंटी ठोकतं, मग ते वर चढत चढत डाव्या डोळ्यात येतं. चार वाजेपर्यंत डोळा काढून टेबलावर ठेवावा असं वाटतं. रविवारी कमी. यावर माझ्या नवऱ्याचं निदान असं, की "तू फार चिडतेस. राग डोक्यात जातो." हे तो इतक्या शांतपणे म्हणतो की मला त्याच क्षणी राग येतो, आणि मग तो हात पसरून म्हणतो, बघ.

सासूबाईंचं निदान वेगळं. त्यांच्या मते नोकरी. विश्रांतवाडीहून हडपसरला जायचं, दोन बस बदलायच्या, परत येऊन स्वयंपाक, बाईमाणसाचं डोकं दुखणार नाही तर काय. म्हणजे बस बदलली तर डोकं थांबेल असं नाही, नोकरी सोडली तर थांबेल. पाणी भरणं आणि स्वयंपाक यांचा डोक्याशी संबंध नाही बहुधा.

नोकरी मी सोडणार नाही. बीएस्सी होऊन चार वर्षं घरात बसले होते. त्या चार वर्षांत मला कोणी नाव घेऊन हाक मारल्याचं आठवत नाही. कांबळे वहिनी, संजयची मिसेस, अगं ए. ऑफिसात मी शर्मिला आहे. डोकं दुखणारी का होईना, शर्मिला आहे.

६ मार्च, गुरुवार

आज डोकं बारापासून. कारण: कारण काय, ती समोर बसते हेच कारण.

नीट लिहिते, नाहीतर डॉक्टरांना समजायचं नाही. (डॉक्टरांना ही डायरी मी मेले तरी दाखवणार नाही.)

अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की फोनवर बोलून ठेवतात: हा आला, त्याला हे होतंय, मी हे दिलं. ते बोलणं हडपसरला येतं. आम्ही कानाला हेडफोन लावून टाइप करतो. पायाखाली पेडल असतं, दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. शिलाई मशीनसारखं. इथला पहिला नियम म्हणजे स्वतःची अक्कल चालवायची नाही. जे कानावर पडलं ते उतरवायचं. आमचे मॅनेजर रंगनाथ सर तर ट्रेनिंगमध्येच सांगतात की समजून घ्यायला गेलात की स्पीड मेला. मी तीन वर्षांत अख्ख्या एका गावाची दुखणी टाइप केली असतील, एकही वाचलेलं नाही. कानातून येतं, बोटांतून जातं, मध्ये मी नसते.

आयेशा आणि मी एका बॅचच्या. ती घोरपडी पेठेतली. तीन वर्षं एक डबा दोघींनी खाल्ला. तिची अम्मी माझ्यासाठी वेगळी खिचडी पाठवायची, आमच्या आई, म्हणजे सासूबाई, तिच्यासाठी ठेचा. ठरलं होतं आमचं, की एडिटरची परीक्षा द्यायची तर दोघींनी. जानेवारीत बाईसाहेबांनी एकटीनं दिली. मला कळलं कधी, तर टेबलावर पेढा आला तेव्हा. मी तो पेढा तिच्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेव्हापासून बोलणं बंद.

आता ती काचेच्या केबिनमध्ये बसते, आमच्या चुका काढते आणि कोणाला कोणता डॉक्टर द्यायचा ते ठरवते. आणि ही केबिन कुठे, तर नेमकी माझ्या नाकासमोर. दिवसभर तिचं तोंड बघायचं? मी तिसऱ्याच दिवशी मॉनिटर डावीकडे, भिंतीकडे फिरवून टाकला. की-बोर्डची फळी टेबलाला ठोकलेली, ती फिरत नाही. पेडलची वायर आखूड, तेही हलत नाही. म्हणून मॉनिटरच फिरवला. आता समोर भिंत आहे आणि आग लागली तर कुठून पळायचं त्याचं चित्र. तिच्यापेक्षा बरं.

१२ मार्च, बुधवार

आमच्या ऑफिसात प्रत्येक अमेरिकन डॉक्टरला टोपणनाव आहे. एक घाईवाली, एक सर्दी, एक कीर्तनकार. आणि एक दाणेवाला. हा माणूस काहीतरी चघळत बोलतो. अर्धे शब्द दाढेत अडकतात. डोकेदुखीचा कुठला दवाखाना आहे त्याचा. त्याची फाईल आली की मुली तोंड लपवतात.

आजपासून दाणेवाला मला. एक-दोन नाही, त्याच्या सगळ्या फाईल मला. केबिनमधून हुकूम. सूड घ्यायची काय पद्धत आहे बघा. माझं डोकं फुटतंय हे तिला काचेतून दिसत असणार, मी दिवसभर कपाळ दाबत असते, आणि म्हणून मुद्दाम डोकेदुखीवाला माणूस माझ्या कानात सोडला.

घेतला. मी रंगनाथ सरांकडे रडत जावं असं तिला वाटत असेल तर वाट बघत बसावं.

२३ मार्च, रविवार

आज संजयचं डोकं दुखतंय. भारत वर्ल्ड कपची फायनल हरला म्हणून. आईंनी त्याला लगेच बाम लावून दिला, दिवा मालवला, आणि मला म्हणाल्या, भांडी हळू घास गं, त्याला त्रास होतोय.

भांडी हळू घासली. मनात काय म्हणाले ते इथेसुद्धा लिहिणार नाही.

३ एप्रिल, गुरुवार

चष्म्याचा नंबर तपासून आले. नंबर तोच. समोरच्या भालेराव काकू म्हणाल्या, ओले केस बांधतेस त्यानं होतं. केस सुकवून बांधले. संजय म्हणाला पित्त. सकाळी थंड दूध प्यायले. डॉक्टरांनी अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या, त्यानं झोप येते आणि झोपेतही दुखतं. एवढ्या सगळ्यांनी एवढं सगळं सांगितलं, पण माझ्या मानेला अजून एकानंही हात लावलेला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पांढरी साडी परवाच इस्त्री करून ठेवली होती. सकाळी वंदनेला उभी राहिले तेव्हाच मानेत खुंटी बसली. सुट्टीच्या दिवशी, काहीही कारण नसताना. रविवारी पडद्यांची बादली उचलली होती एवढंच. आता तर डाव्या खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागते हाताला. तिकडे पाठ दुखते, इकडे डोकं दुखतं. सगळी दुखणी एकदम यायची असतात.

सगळे स्टेशनजवळच्या पुतळ्याला गेले. मी खिडक्या लावून पडून राहिले. खालून मिरवणूक गेली, ढोल वाजले, आणि प्रत्येक ठोका डोळ्यात. लग्न होऊन आल्यापासून एक जयंती चुकवली नव्हती मी. शाळेत असताना वडिलांच्या खांद्यावर बसून जायचे. आज त्याच आवाजाला मी कान झाकून घेतले. मला इतका राग आला, इतका राग आला, की उशीत तोंड खुपसून ओरडले.

आई परत आल्या तेव्हा त्यांनी साडी घडी करून ठेवली आणि म्हणाल्या की आपली जयंती बुडवून त्या गोऱ्या डॉक्टरांची चाकरी कोणासाठी करतेस. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण जबडाही दुखत होता.

२२ एप्रिल, मंगळवार

मेंदूचे मोठे डॉक्टर झाले. त्या भुयारात घालून डोक्याचा फोटो काढला. रिपोर्ट नॉर्मल.

नॉर्मल म्हटल्यावर संजयचा चेहरा उजळला, मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गाठबिठ नाही. पण मग डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, मिसेस कांबळे, घरी काही टेन्शन? स्वभाव कसा आहे? हे मला नाही, संजयला विचारलं. मी खुर्चीवर बसलेली असताना माझा स्वभाव माझ्या नवऱ्याला विचारला. आणि संजय हसत म्हणाला, "जरा तापट आहे."

झालं. सरकारी शिक्का बसला. डोक्यात काही नाही म्हणजे दुखणंही नाही, उरला फक्त स्वभाव. रिक्षात मी तोंड फिरवून बसले. तर म्हणतो, बघ, आता पण चिडलीस.

२७ एप्रिल, रविवार

आज घरात बैठक. आई, संजय आणि आरोपी.

संजय ओरडत नाही, तेच तर आहे. समजावून सांगतो. त्याचा पगार पुरतो. आईंचे गुडघे गेलेत. मी आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी डोक्याला ओढणी बांधून असते, कोणाशी धड बोलत नाही, हे कोणाच्या भल्याचं आहे? सगळं खरं होतं, म्हणून जास्त चीड आली. शेवटी म्हणाला की मेअखेरपर्यंत बघू, थांबलं तर उत्तम, नाही थांबलं तर राजीनामा दे.

मी हो म्हटलं. का म्हटलं? कारण तेव्हा डोळ्यापुढे काजवे चमकत होते आणि हो म्हटल्यावर ते दोघं उठतील एवढंच मला दिसत होतं. आता हो म्हणून बसले आहे.

८ मे, गुरुवार

दाणेवाल्याची फाईल परत आली, खाली एडिटरचा शेरा: "पुन्हा ऐकावे." चूक कुठली ते नाही. नुसतं, पुन्हा ऐकावे. शाळेत मास्तरीण छडी घेऊन उभी असावी तसं. ही तिसरी वेळ. मी ऐकलं नाही, स्पेलिंग तपासलं आणि तशीच पाठवून दिली.

दुपारी केबिनवरून जाताना आतून बामचा असा भपकारा आला. माझ्याच ब्रँडचा. लक्षात आलं, मी टेबलावर बाटली ठेवते ना, तर ही नक्कल करते. जळवायची एक संधी सोडत नाही. आणि आजकाल शान तर बघा, कोणी आत गेलं तर मान वळवत नाही, अख्खी खुर्ची फिरवून बघते. महाराणी.

१९ मे, सोमवार

आजचं आजच लिहिते.

सकाळी रंगनाथ सरांनी बोलावलं. दाणेवाल्याच्या एका फाईलमध्ये मी 'डावा'च्या जागी 'उजवा' टाइप केलं होतं. आमच्याकडे याहून मोठा गुन्हा नाही. स्पेलिंग चुकलं तर चालतं, बाजू चुकली तर तिकडे माणसाचा भलताच खांदा कापतील. सर म्हणाले, आयेशानं पकडलं म्हणून वाचलीस, आता पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक आणि शब्द न् शब्द तपास. त्यांच्यासमोर, त्यांच्या टेबलावर. पळवाट नव्हती.

म्हणून ऐकलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. दाणेवाला चघळत चघळत सांगत होता, की पेशंट चौतीस वर्षांची, विमा कंपनीत काम करते. डाव्या बाजूला मानेतून डोकं दुखायला लागतं आणि डोळ्यात येतं. आठवडाभर दुखतं, सुट्टीत कमी. डोळे तपासून झाले, अर्धशिशीची औषधं झाली, मेंदूचा फोटो नॉर्मल. तिला सांगण्यात आलं की हा तिच्या स्वभावाचा दोष आहे. इथे तो चघळायचा थांबला. मग म्हणाला, हिच्या कामाच्या टेबलावर पडदा डावीकडे आहे आणि कीबोर्ड समोर, दीड वर्षं ही अशीच वळून बसते. मी तिच्या डाव्या खांद्याच्या पात्याच्या कडेला, ट्रॅपिझियस नावाचा स्नायू असतो त्यावर दाबलं. गाठ होती. दाबताच ती म्हणाली, डॉक्टर, हीच माझी डोकेदुखी.

मी पेडलवरून पाय काढला. हात मागे नेला, पोचत नव्हता. सरांच्या टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि पात्याच्या आतल्या बाजूला, त्या सुपारीवर टोक दाबलं. डाव्या डोळ्यात सण्णकन कळ गेली. तीच. अगदी तीच.

सर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, चूक सापडली.

बसमध्ये उभ्या उभ्या रडले. आनंदानं नाही. तिकडच्या एका दाणेखाऊ माणसानं एका बाईच्या पाठीवर बोट ठेवलं. एवढंच केलं त्यानं. इथे मला भुयारात घातलं, माझा स्वभाव काढला, माझी नोकरी काढायला निघाले, आणि एकालाही माझ्या पाठीला हात लावावासा वाटला नाही. आणि मीसुद्धा. असल्या किती बायका टाइप केल्या मी दोन महिन्यांत? मानेतून डोळ्यात, मानेतून डोळ्यात, रोज टाइप करत होते. माझंच दुखणं मला कोणीतरी रोज कानात सांगत होतं आणि मी स्पेलिंग बघत होते.

कोणीतरी म्हणजे कोण, हे नीट कळायला मला येरवडा यावं लागलं. तिथे बस थांबली आणि माझ्या डोक्यात दुसरा उजेड पडला. दाणेवाला मला दिला कोणी? "पुन्हा ऐकावे" लिहिलं कोणी? तिला माहीत होतं. मार्चपासून माहीत होतं. उद्या तिला सोडत नाही.

२० मे, मंगळवार

सरळ केबिनमध्ये घुसले. दार लावायचं भानही नव्हतं. चार महिन्यांनी तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य: "तुला माहीत होतं आणि तू मला मरू दिलंस?"

ती खुर्चीसकट वळली. शांत. म्हणाली, "मरू दिलं? रोज पाठवत होते. एक दिवस तरी ऐकशील म्हणून."

मी विचारलं, तोंड नव्हतं का तुला? बाहेर येऊन दोन शब्द सांगता येत नव्हते? तर म्हणाली की मी तिच्याकडे बघितलं असतं तर सांगितलं असतं, भिंतीशी बोलायची तिला सवय नाही. मी परीक्षा काढली. एकटीनं दिलीस ना चोरून? मग मात्र तिचा आवाज चढला. "चोरून? तुला तीनदा विचारलं मी. तीनदा तू म्हणालीस, संजयला विचारून सांगते. फॉर्मची तारीख गेली तरी तुझं विचारणं चाललंच होतं. मी काय जन्मभर तुझ्या नवऱ्याच्या उत्तराची वाट बघायची?"

अख्खा फ्लोअर हेडफोन काढून ऐकत होता. मी म्हटलं, पेढा देताना हे सांगायचं होतंस. ती म्हणाली, पेढा कचऱ्यात गेल्यावर काय सांगू.

बाहेर आले. बसले. मॉनिटर सरळ करायचा तर तिचं तोंड समोर येणार. डोकं फुटलं तरी चालेल, तेवढं करणार नाही. टेबल फिरवून द्या म्हणून सरांना विचारलं. जमणार नाही म्हणाले, वायरी जमिनीतून आल्यात.

२४ मे, शनिवार

खोटं बोलून गेले नाही, संजयला बरोबर घेऊनच गेले फिजिओथेरपीच्या बाईंकडे. त्यांनी आधी हात धुतले, मग माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि बरोबर त्या सुपारीवर अंगठा ठेवला. मी किंचाळले. संजय उठून उभा राहिला.

बाईंनी त्याला समजेल असं सांगितलं. मान आणि पाठ एकीकडेच वळवून बसलं की हे स्नायू आखडतात, त्यांच्यात गाठी धरतात. मानेच्या वरच्या टोकाकडून येणारी कळ आणि कपाळाकडून येणारी कळ मेंदूत एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे मेंदू फसतो, दुखतं मागे आणि वाटतं डोळ्यात. फोटोत हे दिसत नाही. सरळ बसायचं, व्यायाम करायचा, वजन उचलायचं नाही, काही आठवड्यांत उतरेल. पाणी कोण भरतं घरात, हेही विचारलं. संजय जमिनीकडे बघत होता.

मला वाटलं, जिंकले. बाहेर येऊन चहा प्यायला थांबलो. संजयनं चहा संपवला, मग अगदी प्रेमानं म्हणाला, "म्हणजे नोकरीमुळेच होतं ना. मग सोडून दे." वर, पाणी उद्यापासून मी भरतो, हेही.

कप त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. तीन महिने दुखण्याला कारण नव्हतं म्हणून नोकरी सोड. आता कारण सापडलं म्हणून नोकरी सोड.

२५ मे, रविवार

आज सकाळी बैठक परत बसली. आईंना कालचं सगळं कळलेलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, गाठ शोधली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरी, एवढं सोसत होतीस," म्हणाल्या. चिडायचीही सोय ठेवली नाही. मग म्हणाल्या, आता एक दिवस जायचं नाही त्या खुर्चीवर.

म्हणजे मेअखेरही नाही. उद्याच.

मला एकच रस्ता दिसत होता आणि त्या रस्त्यानं जायचं म्हणजे नाक घासत जायचं. ऑफिसात तीस मुली त्याच खुर्च्यांवर बसतात, त्यांची डोकी दुखत नाहीत. खुर्ची सरळ, टेबल सरळ, मॉनिटरही सरळच होता. तो मी फिरवला. हे यांना सांगितलं तर नोकरी सुटते आरोपातून, पण मग संजय काय म्हणणार हे मला अक्षरन् अक्षर पाठ होतं. तीन महिने तेच वाक्य ऐकून मी ताटं आपटली होती.

सांगितलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता. नोकरीनं नाही दुखलं, म्हटलं. आयेशाचं तोंड दिसू नये म्हणून मी जानेवारीपासून वाकडी बसते. मुद्दाम बसते.

मग संजय हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून. डोळे पुसत म्हणाला, "मी काय म्हणत होतो? राग डोक्यात जातो. मी काय म्हणत होतो, आई?" तो हसत होता आणि माझ्या हातात मेथीची जुडी होती. जुडीच होती, हे त्याचं नशीब.

मी त्याचं हसू संपेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "बरोबर म्हणत होतात. रागानंच होत होतं. मग राग सोडते, नोकरी कशाला सोडू?"

त्यानं आईंकडे बघितलं. आईंनी माझ्या हातातली जुडी घेतली आणि स्वतः निवडायला लागल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिनं मग जावं उद्या."

नोकरी वाचली. पण मोठ्या तोंडानं राग सोडते म्हणून बसले आहे, आणि आता तो खरंच सोडावा लागणार. त्याचाच इतका राग येतोय की काय सांगू.

२६ मे, सोमवार

गेल्या गेल्या मॉनिटर फिरवला. जड धूड आहे, शेजारच्या मुलीला हाताशी घेतलं. बसले. पाठ सरळ, मान सरळ. आणि डोळ्यांसमोर, चार महिन्यांनी, काचेपलीकडे आयेशा.

मनाची तयारी करून आले होते. ती रोखून बघत असेल, नाहीतर गालात हसत असेल. तसलं काही नव्हतं. मला दिसला तो तिचा खांदा, ओढणी आणि अर्धा गाल. तिचाही मॉनिटर वळवलेला होता, उजवीकडे, कपाटाच्या बाजूला. कमरेखाली ती माझ्याकडे आणि वर कपाटाकडे, अशी पिळल्यासारखी बसली होती. मधूनच उजवा अंगठा मानेच्या खळगीत घालून दाबत होती, आणि डोळा मिटत होती. उजवा डोळा.

मी हेडफोन काढून फेकला.

केबिनचं दार ढकललं तेव्हा ती परत अख्ख्या खुर्चीसकट वळली. ती असं का करते ते मला आत्ता समजलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाली, फेब्रुवारी. मी म्हटलं, डॉक्टरकडे गेली होतीस? म्हणाली, मार्चमध्ये, त्यांनीच सांगितलं पाठीचं आहे, सरळ बसा. "आणि मग? मला धडे पाठवत होतीस आणि स्वतः वाकडी बसून होतीस? अक्कल गहाण टाकलीस का?"

ती परत कपाटाकडे वळली. मग मॉनिटरकडे बघतच म्हणाली, "सरळ बसलं की समोर तुझा कान दिसायचा. दिवसभर नुसता कान. मला नाही बघवायचं."

मी तिच्या टेबलामागे गेले आणि मॉनिटरला हात घातला. ती म्हणाली, उचलू नकोस, तुला वजन मना असेल. मी म्हटलं तुलाही असेल, गप्प बस आणि त्या बाजूनं धर. तिचं यंत्र माझ्याहून जड. दोघींनी मिळून ढकललं, वायर अडकली, ती खाली वाकली, मी ओरडले की वाकू नकोस, तर ती म्हणाली मग तू वाक. काचेपलीकडे सगळ्यांनी पुन्हा हेडफोन काढले होते.

सरळ झाला एकदाचा. तोपर्यंत दोघींच्या मानेत खुंट्या बसल्या होत्या. तिनं खणातून बाम काढला, आधी स्वतः घेतला आणि मग बाटली माझ्याकडे सरकवली.